कोजागिरीची डबा पार्टी
काल सोसायटीच्या गच्चीवर कोजागिरी झाली, मसाला दूध कमिटीकडून आणि बाकी ज्याने त्याने घरून एकेक पदार्थ आणायचा. ग्रुपवर आठवडाभर "मी काय आणू" चालू होतं आणि एवढं करून शेवटी तीन घरांतून पावभाजीच आली 😄

मी कोथिंबीर वडी केली. सोपा हिशोब आहे, उंडे सकाळीच वाफवून ठेवता येतात, संध्याकाळी फक्त वड्या कापून शॅलो फ्राय, गार झाल्या तरी चव जात नाही आणि प्लेट-चमचा न शोधता गप्पा मारत उभ्या उभ्या खाता येतात. लसूण आणि आलं मुद्दाम घातलं नाही, कारण खालच्या मजल्यावर जैन कुटुंब आहे, ते अंधार पडायच्या आत जेवतात म्हणून त्यांचा डबा साडेपाचलाच पोचवला.

पण खरं मैदान मारलं बी विंगच्या आजींच्या दडप्या पोह्यांनी!! पातळ पोहे, भरपूर ओलं खोबरं, बारीक कांदा, नारळाचं पाणी शिंपडून दडपून ठेवलेले, वर हिंग-शेंगदाण्याची फोडणी आणि पोह्याचा पापड चुरून. गरम करायची भानगडच नाही. पातेलं बघता बघता साफ. बाजूला व्हाइट सॉस पास्ता गार होऊन गोळा झालेला, पोरंसुद्धा तिकडे फिरकेनात.

रेसिपी विचारली तर आजी म्हणाल्या, "पोहे फक्त चाळून घे गं, धुऊ नकोस, लगदा होतो."

आणि पावभाजीवाल्यांनो, पुढच्या वेळी आपसात एक फोन करा प्लीज 🙏