फ्लायव्हील गाडी, अपडेट 4: चार मिनिटांवरून अकरा मिनिटं

या रविवारी माझ्या गाडीचं फ्लायव्हील, म्हणजे फिरता फिरता एनर्जी साठवून गाडी पळवणारं जड चक्र, अकरा मिनिटं फिरलं!! 200 मिमी व्यासाची, 20 मिमी जाड एमएस (साध्या पोलादाची) प्लेट, वजन साधारण 4.9 किलो. 3000 आरपीएमला (मिनिटाला 3000 फेरे) नेऊन मोटरची वीज बंद केली की आधी चार मिनिटांत थांबायचं, म्हणजे भरलेली साधारण 1200 जूल एनर्जी बसल्या जागी संपायची, मग गाडी काय पळणार.

मला संशय होता बॅलन्सिंगचा. दोन लोखंडी अँगलच्या धारेवर शाफ्ट ठेवून चक्र सोडलं, जड बाजू दर वेळी खाली येऊन थांबायची, तिथे खडूने खूण करून 6 मिमी ड्रिलने थोडं थोडं कोरत गेलो, जेमतेम दोन ग्रॅम कीस निघाला असेल. आधी 1400 आरपीएमला टेबलावरचा पाना सरकत सरकत खाली पडायचा, ते थांबलं, पण वेळ वाढला फक्त वीस सेकंद. खरी खोट निघाली बेअरिंगमध्ये. 6203 नंबरच्या बेअरिंगचं रबर सील काढलं, घट्ट ग्रीस पेट्रोलने धुतलं, शिलाई मशीनचं तेल दोन थेंब सोडलं आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावून बसलो, सात मिनिटं झाली तरी फिरतंय, मी घरातल्या सगळ्यांना हाक मारली.

ज्या बसमुळे हे वेड लागलं ती ओर्लिकॉन कंपनीची जायरोबस, म्हणजे अशाच चक्रात साठवलेल्या एनर्जीवर चालणारी बस, 1953 ला स्वित्झर्लंडमध्ये इव्हर्दों-ग्रांसों मार्गावर सुरू झाली. तिचं चक्र दीड टनाचं, 1.6 मीटर व्यासाचं, आणि वेग तोच 3000! भरीव तबकडी धरून हिशोब केला तर 6.6 युनिट वीज होते. स्टॉपवर छतावरचे तीन दांडे खांबाला टेकवायचे, चक्र परत वेगात आणायचं, की पुढे साधारण 6 किमी. चक्राच्या पेटीत हायड्रोजन होता, हवेपेक्षा चौदापट हलका, म्हणून घर्षण कमी.

ते आता मला पटतंय. बेअरिंग मोकळं झाल्यापासून पहिल्या दोन मिनिटांतच वेग 2100 वर येतो, नंतर मात्र रेंगाळत उतरतो, म्हणजे वरच्या वेगाला हवाच एनर्जी खातेय, गार्डच्या फटीतून पंख्यासारखा वारा येतो. हायड्रोजन घरात आणणार नाही, चक्र बंद पेटीत ठेवून जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरने तिच्यातली हवा ओढायचा विचार आहे. पण हवा आत शिरू नये म्हणून शाफ्टला ऑइल सील लावलं की तेच घर्षण परत, आणि मोटर आत घातली तर ती हवेशिवाय थंड कशी राहणार? कोणी केलंय का असं, प्लीज सांगा.