तुम्ही विचारलंत म्हणून: प्लँक किती मिनिटं?

नवरात्र जवळ आलं की बडोद्यात हा प्रश्न हमखास येतो. विचारणारे विशी-बाविशीतले, शाळा सुटल्यापासून अंग न हलवलेले. "ताई, गरब्यात कंबर धरते. प्लँक किती मिनिटं करू?" (प्लँक म्हणजे कोपरं आणि पायांची बोटं जमिनीला टेकवून अंग सरळ रेषेत धरून ठेवणं.) काहींना खरं तर पोट उतरवायचं असतं. प्लँकनं पोटावरची चरबी जात नाही, एवढंच त्यांना सांगते.

माझं उत्तर: दहा सेकंद. मग सोडा, श्वास घ्या, पुन्हा धरा. कॅनडातले कण्याचे अभ्यासक स्टुअर्ट मॅकगिल साइड प्लँक (कुशीवर धरलेला प्लँक) आणि बर्ड डॉग (हात-गुडघ्यांवर ओणवं होऊन एक हात आणि विरुद्ध बाजूचा पाय ताठ करणं) सुद्धा असेच थोडे थोडे धरायला सांगतात.

प्लँक करतात ते 'कोअर'साठी, आणि कोअर म्हणजे आरशात दिसणाऱ्या पोटाच्या वड्या नव्हेत. वर श्वासपटल, खाली ओटीपोटाचा तळ, मागे मणक्यांना धरणारे बारके स्नायू आणि पोटाला पट्ट्यासारखा आवळणारा एक आडवा स्नायू. १९९६ साली ऑस्ट्रेलियात हॉजेस आणि रिचर्डसन यांनी दाखवलं, की आपण हात उचलायच्या आधीच हा आडवा स्नायू आवळलेला असतो. कंबरदुखी असलेल्यांत तो उशिरा जागा होतो. म्हणजे नुसती ताकद पुरत नाही, ती वेळेवर यावी लागते. श्वास कोंडून, कंबर खाली सोडून काढलेल्या तीन मिनिटांत हे कसं शिकणार? स्टॉपवॉच मात्र खूश होतं.

नुसती ताकद आणि नीट हालचाल यांतला फरक पाहायचा तर काठी घ्या. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिर नावारूपाला आणलं त्या बडोद्यात काठी मिळायला अडचण नसावी! दोन्ही हातांनी डोक्यावर धरा आणि पूर्ण खाली बसा. 'फंक्शनल मूव्हमेंट स्क्रीन' नावाच्या चाचणीत अशा सात हालचाली असतात, प्रत्येकीला जास्तीत जास्त ३ गुण, एकूण २१. टाचांखाली फळी ठेवल्यावरच बैठक जमली तर २, आणि दुखलं तर थेट शून्य. हा नियम मला फार आवडतो. फळीनं काम झालं तर दोष बहुधा घोट्याच्या ताठपणाचा असतो; तिथे पोटाचे व्यायाम करत बसू नका. काठी पुढे पडत असेल तर खांदे आणि पाठही तपासायला हवी.

नवख्यांना व्यायामाचा फरक लवकर जाणवतो. पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फारसे वाढत नाहीत, मेंदू त्यांना नीट कामाला लावायला शिकतो. गरब्यात वाकून टाळी आणि लगेच गिरकी, तीही तासन् तास एकाच दिशेनं फिरत. वळायचं खुब्यातून, कमरेनं फक्त धरून ठेवायचं. म्हणून प्लँकबरोबर बैठका आणि एका पायावर उभं राहणंही सांगते, दोन्ही बाजूंनी सारखं.

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी विचाराल तर मात्र व्यायाम सांगणार नाही. कमी वाकून खेळा, मधे मधे बसा. कळ पायात उतरत असेल तर गोळी खाऊन पुन्हा मैदानात जाऊ नका, डॉक्टरांना दाखवा.