छप्पर नसलेलं चर्च

लिस्बन, २९ सप्टेंबर. रात्रीचे साडेदहा.

पाय भरून आलेत, पण आजचं आजच लिहायचंय.

सकाळी २८ नंबरची पिवळी ट्राम धरली. गर्दी एवढी की खिडकीतून दिसले ते फक्त आल्फामातल्या बाल्कन्यांवर वाळत घातलेले कपडे. उतरून नदीकाठच्या मोठ्या चौकात गेलो. नकाशावर प्रासा दु कोमेर्सिऊ असं नाव आहे, पण जुनी माणसं अजून त्याला 'राजवाड्याचं अंगण'च म्हणतात. राजवाडा मात्र नाही. हिंदुस्थानच्या व्यापाराचा हिशेब जिथे ठेवला जायचा ती 'कासा दा इंडिया'ही इथेच होती. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात सगळं गेलं.

बेलेंला जायचं ठरलं होतं, वास्को द गामाची कबर बघायला. नाही गेलो. चढ चढून कार्मोला गेलो आणि तिथेच दुपार संपली.

कार्मोचा मठ १३८९ चा. आत पाऊल टाकलं आणि मान आपोआप वर गेली. दोन्ही बाजूंना खांब, त्यांच्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेल्या दगडी कमानी आणि कमानींमधून सरळ निळं आभाळ. छप्परच नाही. एक कबुतर एका कमानीवरून उडालं आणि दुसरीवर बसलं. खाली हिरवळ.

भूकंपाचा तो दिवस सर्व संतांच्या सणाचा. सकाळी साडेनऊच्या सुमारास चर्चं माणसांनी भरलेली, मेणबत्त्या लावलेल्या. हादऱ्यांनी छपरं खाली आली, मेणबत्त्यांनी आगी लागल्या. जीव वाचवायला लोक नदीकाठच्या मोकळ्या जागेकडे धावले, तर पाणी आधी मागे हटलं आणि मग लाटा होऊन आत आलं. आग पुढे कित्येक दिवस धुमसत होती.

सण, आणि त्याच्या पोटात भूकंप. मी एका खांबाला टेकून खाली बसलो.

आमचं गाव किल्लारीजवळ. १९९३ ची अनंत चतुर्दशी २९ सप्टेंबरला होती, म्हणजे आजचीच तारीख. गणपती बोळवून, गुलालाचे कपडे तसेच ठेवून सगळे झोपले. पहाटे तीन छप्पन्नला जमीन हलली. मी नऊ वर्षांचा होतो. अडीच-तीन फुटांच्या दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद. आजी गेली. मला आठवतो तो तोंडात गेलेल्या मातीचा चरचरीतपणा.

इथे भूकंपानंतर राजाचा मंत्री पोम्बाल याने शहराचा खालचा भाग, बायशा, नव्याने बांधला. त्या घरांच्या भिंतींत लाकडाचा सांगाडा आहे, त्याला 'गायोला' म्हणजे पिंजरा म्हणतात. उभ्या-आडव्या लाकडांच्या चौकटीत गुणाकाराच्या खुणेसारख्या तिरक्या पट्ट्या, म्हणजे जमीन हलली तर भिंत लवेल पण कोसळणार नाही. नमुन्याभोवती सैनिकांची पलटण पाय आपटत चालवून तो तपासला होता, असं सांगतात. खांब-तुळया आमच्या घरालाही होत्या. तिरकी पट्टी नव्हती. तेवढ्याचसाठी मला तिथे बराच वेळ काही सुचेना.

अजून एका गोष्टीनं मला धरून ठेवलं. पोम्बालने गावोगावच्या पाद्र्यांना प्रश्न पाठवले होते. भूकंप किती वाजता झाला, किती वेळ टिकला, किती माणसं गेली, समुद्र आधी चढला की ओसरला. ती उत्तरं इथल्या अभिलेखागारात अजून जपून ठेवली आहेत. लोकांना आधी विचारावं, मग बांधावं, हे अडीचशे वर्षांपूर्वी कुणाला तरी सुचलं.

कार्मोचा मठ मात्र पुन्हा पुरता बांधून झालाच नाही. काम सुरू झालं, १८३४ मध्ये धार्मिक मठ बंद केले तेव्हा थांबलं, आणि पुढे लोकांनीच ठरवलं, राहू दे असंच. भर शहरात, कॉफीच्या टेबलांपासून दहा पावलांवर. आमचं गाव उचलून दुसरीकडे नेलं. ते गरजेचंच होतं. पण जुन्या जागी बसून रडायलाही काही उरलं नाही, असं आई म्हणते.

चारला आईला फोन लावला. तिच्याकडे साडेआठ.

"छप्पर नाही? मग पाऊस आत पडत असेल की."

"पडतो. गवत आहे मधी."

"आपल्याकडं बाभळी आल्या बघ, जुन्या गावात."

मग मी तिला ते प्रश्न विचारले, पाद्र्यांना विचारलेले. किती वेळ हललं, आई? इतक्या वर्षांत मी हे कधी विचारलं नव्हतं. ती जरा थांबली.

"हलायच्या आधी आवाज आला. मला वाटलं ट्रक आला दारात. तुझी आजी उठून बसली आणि म्हणाली, कंदील कुठाय. तेवढंच बोलली."

कंदिलाचं मला माहीत नव्हतं.