तुम्ही विचारलंत म्हणून : लायब्ररीतल्या स्टाफला हे सगळं जमलं कसं?

ग्रंथालयवाल्यांच्या कुठल्याही बैठकीला गेले की चहाच्या वेळेला कुणीतरी विचारतंच, मॅडम, तुमच्याकडे बहुतेक सगळे पन्नाशीच्या पुढचे, मग कोहा हे लायब्ररीचं सॉफ्टवेअर, गूगल शीट, विकिपीडिया हे सगळं त्यांना जमलं कसं, आमच्याकडे तर माउसला हात लावायला कुणी तयार नाही. दरवेळी उभ्याउभ्या अर्धवट सांगून होतं, म्हणून एकदा नीट लिहितेय.

आधी फसलं ते सांगते. आमची लायब्ररी पेठेतली, जुनी, सकाळी आठ ते बारा आणि संध्याकाळी चार ते आठ, स्टाफ सहा जणांचा. सगळ्यांना एकदा एका संस्थेच्या एक दिवसाच्या ट्रेनिंगला पाठवलं. दिवसभर स्लाइड्स, एकामागून एक वेबसाइट्स, पासवर्ड, सगळं इंग्रजीत आणि हातात कॉम्प्युटर नाही. दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या काउंटरवरच्या बाई मला हळूच म्हणाल्या, "मॅडम, मी ढ आहे का हो?" ज्या बाईला सभासद दारातून आत येतानाच त्याचं राहिलेलं पुस्तक आठवतं, तिच्यावर ही वेळ आणली याचं मला फार वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर चूक माझीच होती, मी आयतं ट्रेनिंग शोधत होते.

मग वाचता वाचता अमेरिकेतल्या शार्लट शहराच्या सार्वजनिक लायब्ररीबद्दल कळलं. २००६ साली हेलन ब्लोअर्स नावाच्या बाईंनी तिथल्या स्टाफसाठी २३ गोष्टींची यादी केली, ब्लॉग, फोटो, विकी अशा वेबवरच्या छोट्या छोट्या गोष्टी, ज्याने त्याने आपल्या वेगाने करून बघायच्या, आणि सगळ्या पूर्ण करणाऱ्याला एमपीथ्री प्लेअर. पुढे जगभरातल्या लायब्रऱ्यांनी ही कल्पना उचलली. त्या यादीतल्या किती गोष्टी आज बंद पडल्यात बघा, वेगवेगळ्या वेबसाइट्सवरचं नवं लेखन एकाच जागी वाचायला लोक वापरायचे तो गूगल रीडर तर २०१३ मध्येच गेला. म्हणून आम्ही यादी उचलली नाही, पद्धत उचलली.

आमची पद्धत म्हणजे मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी अकरा ते बारा शिकायचं, आणि ते ड्युटीतच. मधल्या सुट्टीत नाही, घरी जाऊन तर अजिबात नाही, कारण घरी गेल्यावर कुकर लावायचा असतो आणि तिथे कोण शिकणार. त्या तासात एक जण काउंटरवर, बाकीचे आत. कार्यकारी मंडळात यावर बरीच चर्चा झाली, दोनचार सभासदही रागावले की काउंटरवर एकच माणूस का, त्यांना मी आत नेऊन दाखवलं काय चाललंय ते, त्यातले एक निवृत्त गृहस्थ तर पुढे स्वतःच येऊन बसायला लागले.

आणि कोहाची एक वेगळी प्रत फक्त बिघडवण्यासाठी ठेवली. कोहा फुकट मिळतं, न्यूझीलंडमधल्या एका लायब्ररीसाठी १९९९ मध्ये बनलं आणि माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं कारण मला ते फार आवडतं. या प्रतीत काहीही पुसा, कुणालाही दंड लावा, खरा डेटा सुरक्षित आहे. भीती गेली ती यामुळेच, मी दिलेल्या भाषणांनी नाही.

आता 'किनाऱ्यावर' या एका शब्दाची गोष्ट. आमची पुस्तकांची यादी फार पूर्वी एका ऑपरेटरने जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली, तो फॉन्ट नसलेल्या मशीनवर उघडली की नुसती चिन्हं दिसायची. ती कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा पद्धतीत, आणली आणि वाटलं झालं काम. एका शुक्रवारी देवघेवीच्या बाईंनी 'किनाऱ्यावर' टाइप करून एक पुस्तक शोधलं, उत्तर आलं शून्य. त्या म्हणाल्या, पुस्तक आहे, खिडकीजवळच्या कपाटात खालून दुसरा कप्पा. उठून घेऊन आल्या. मग आम्ही सगळे त्या एका शब्दावर बसलो. झालं होतं असं की 'ऱ्य' दोन तऱ्हेने लिहिता येतो, एकात खाली टिंब असलेला ऱ, मग हलंत, मग य, आणि दुसऱ्यात साधा र, हलंत, मध्ये डोळ्याला न दिसणारं एक जोडचिन्ह, मग य. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात पण कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द. कन्व्हर्टरने एक तऱ्हा वापरली होती, आमच्या कीबोर्डने दुसरी. तऱ्हा, दऱ्या, वाऱ्या, सगळ्यांचं तेच. इतके महिने आम्ही वाचकाला "नाही" सांगत होतो आणि पुस्तक कपाटात होतं! ही चूक मला सापडली नसती, कुठल्या कंपनीच्या माणसालाही नसती, कारण पुस्तक आहेच हे फक्त त्या बाईंना माहीत होतं. सगळ्या नोंदी एका तऱ्हेच्या करायला पुढचे कित्येक मंगळवार गेले. त्यानंतर त्या बाई कॉम्प्युटरवर स्वतःहून बसायला लागल्या.

लेखकांच्या नावांचंही तसंच. वाचक कविता मागताना कुसुमाग्रज म्हणतो आणि नाटक मागताना शिरवाडकर, माणूस एकच, पण यादीत दोन. पूर्वी तालिकेच्या कार्डावर 'पाहा' असं लिहून दुसऱ्या नावाकडे पाठवायचो, कोहामध्येही नावांची अशी नोंद करता येते, आणि हे कळल्यावर आमच्या सहायकांचा चेहरा असा खुलला, म्हणाले अहो हे तर आपण आधीपासून करतोय. ग्रंथालयशास्त्रातल्या रंगनाथनांचा १९३१ चा चौथा सिद्धांत, वाचकाचा वेळ वाचवा, आम्ही सगळ्यांनी परीक्षेला पाठ केलेला, तो इथे हाताला लागला.

दिवाळी अंकांची शीट फार पटकन जमली, कुठला अंक कुणाकडे ते सगळ्यांना एकाच वेळी दिसतं, फोनवरूनही. त्यावर जास्त सांगण्यासारखं काही नाही.

विकिपीडियाचं मात्र सांगायलाच हवं. मराठी विकिपीडिया १ मे २००३ ला सुरू झाला आणि तिथे प्रत्येक गोष्टीला संदर्भ मागतात. आमचे बाइंडिंगचे काका, शिक्षण आठवीपर्यंत, पण जुन्या मासिकांची बाडं त्यांच्याच हाताखालून गेलेली. तिथल्या एका मासिकावरच्या लेखात ते मासिक सुरू झाल्याचं साल दिलेलं, पण पुढे संदर्भ नाही. काकांनी पहिला अंक काढला, साल बरोबर निघालं, आणि वर्ष, अंक, पान लिहून संदर्भ जोडला. स्वतः टाइप केलं, बोलून टाइप करायची सोय वापरून, मग चुका हाताने दुरुस्त केल्या. त्या ओळीचं प्रिंट त्यांनी घरी नेलं.

सध्या आम्ही कॉपीराइट संपलेल्या पुस्तकांची यादी करतोय, स्कॅन करून सगळ्यांसाठी ठेवायची म्हणून. लेखक वारल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं मोजायची, अनुवाद असेल तर अनुवादकाचं वेगळं बघायचं, त्यामुळे शीटमध्ये मृत्यूचं साल हा एक रकाना वाढलाय आणि तो भरायलाच सगळ्यात जास्त वेळ लागतो. गेल्या महिन्यात एक नवीन मुलगी कामाला लागली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, पण खऱ्या नोंदींना हात लावायला घाबरत होती. देवघेवीच्या बाईंनी तिला खुर्ची ओढून दिली आणि बिघडवायची प्रत उघडून म्हणाल्या, "बस इथे, आधी यात काय हवं ते मोडून बघ."