खेड्यात राहून पीएचडी: वाचलेलं परत सापडलं पाहिजे

यवतमाळ जिल्ह्यातल्या केळापूर तालुक्यात, एका गावात राहून, ज्युनिअर कॉलेजची नोकरी सांभाळून मी समाजशास्त्रात पीएचडी केली. विषय होता कापूस वेचणाऱ्या बायांची मजुरी. आता आजूबाजूची मुलं-मुली विचारतात, की इथे ना धड ग्रंथालय ना नेट, मग संशोधन कसं करायचं? माझं उत्तर असं, की साहित्य मिळतं. पण चार महिन्यांपूर्वी वाचलेली ओळ ऐन लिहायच्या वेळी सापडत नाही, आणि खरा वेळ तिथे जातो. म्हणून पहिल्या दिवसापासून एकच नेम ठेवा: जे टिपाल त्याच्याशेजारी ते कुठून आलं हेही टिपा.

सुरुवात शोधगंगेपासून करा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट या केंद्राचं हे पीएचडी प्रबंधांचं ऑनलाइन भांडार फुकट आहे. आपल्या विषयाजवळचा एखादा प्रबंध उघडून त्यातलं पूर्वसाहित्याचा आढावा घेणारं प्रकरण आधी वाचा. कोणी काय काम केलंय ते एका बैठकीत कळतं. मराठी प्रबंधांच्या बाबतीत एक अडचण येते. बरेचसे जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेले किंवा नुसते स्कॅन केलेले आहेत, त्यामुळे आतला मजकूर शोधला तर काहीच हाती लागत नाही. तिथे शीर्षकावरून शोधावं, देवनागरीत एकदा आणि इंग्रजी स्पेलिंगनं एकदा.

एक चांगला लेख मिळाला, की गूगल स्कॉलरवर त्याच्याखालचं 'साइटेड बाय' दाबा. त्या लेखाचा आधार पुढे कोणी घेतला, ती सगळी यादी येते. लेखाच्या शेवटची संदर्भसूची मागे नेते आणि ही यादी पुढे नेते. लेखाला पैसे मागत असतील तर ब्राउझरमध्ये अनपेवॉल टाकून ठेवा, कायदेशीर मोफत प्रत कुठे असेल तर ते दाखवतं. कॉलेजच्या ग्रंथपालांना एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ई-जर्नल आणि ई-पुस्तकं देणाऱ्या योजनेचं, लॉगिन मागा. १ जानेवारी २०२५ पासून केंद्र आणि राज्य सरकारच्या उच्चशिक्षण संस्थांसाठी 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' ही संशोधन-जर्नलं वाचायला देणारी योजना सुरू झालीय, आपली संस्था त्यात बसते का तेही ग्रंथपालच सांगतील. काहीच जमलं नाही तर लेखकाला सरळ मेल करा. मी संकोचत केला होता, पण लोक आनंदानं लेख पाठवतात.

मिळालेलं सगळं झोटेरोत टाका. संदर्भ साठवायचं हे सॉफ्टवेअर फुकट आहे, नेट नसताना चालतं आणि वर्डमध्ये संदर्भ आपोआप बसवतं. ऑनलाइन जागा ३०० एमबीच फुकट मिळते, पण पीडीएफ आपल्याच लॅपटॉपवर ठेवल्या तर ती पुरते. मराठी पुस्तकांची नोंद मात्र हातानं भरावी लागते. कंटाळा करू नका, प्रकाशनवर्ष आणि आवृत्ती पुस्तक हातात असतानाच भरा. प्रत्येक लेखाखाली मी तीन गोष्टी लिहायची: यानं प्रश्न काय विचारला, कशाच्या आधारे उत्तर दिलं, आणि माझ्या कामाचं पान कोणतं. ते 'माझ्या कामाचं पान' सगळ्यात उपयोगी पडलं.

जुनी कागदपत्रं शोधताना नावं बदललेली असतात हे ध्यानात ठेवा. आपला यवतमाळ जिल्हा १९०५ पर्यंत वणीच्या नावानं ओळखला जायचा, आणि १९०८ च्या गॅझेटिअरमध्ये, म्हणजे जिल्ह्याच्या सरकारी माहितीग्रंथात, यवतमाळचं स्पेलिंगही वेगळं आहे. आजच्या नावानं शोधत बसलात तर अर्धं साहित्य निसटेल. छापील मराठी पानाचा नीट फोटो काढून गूगल ड्राइव्हवर चढवा आणि गूगल डॉक्समध्ये उघडा, अक्षरं मजकूर होऊन समोर येतात. मूळ पानाशी ताडून चुका दुरुस्त कराव्या लागतात, तरी टायपिंग पुष्कळ वाचतं. गावाची साधी माहिती हवी असेल तर २०११ च्या जनगणनेची जिल्हा हस्तपुस्तिका बघा, गावागावाची नोंद आहे.

माझं मन रमलं ते वावरात. प्रश्नावली घेऊन दुपारी गेलं तर घरी कोणी भेटत नाही. बाया सकाळीच ऑटोत बसून दुसऱ्या गावच्या वावरात गेलेल्या असतात. संध्याकाळी स्वयंपाक उरकल्यावर जाऊन बसायचं, नाहीतर धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जेवणाच्या सुटीत. किलोमागे किती मिळतात, याचं उत्तर सगळ्याजणी देतात. पण काट्यावर वजन होताना कापूस ओला आहे म्हणून किती किलो कापले जातात, ते मला तिथे उभी राहिल्यावरच दिसलं. मग मी मोजणीच्या वेळी हजर राहायला लागले, आणि प्रबंधाचं एक अख्खं प्रकरण त्यातून उभं राहिलं. आकडा विचारा, पण तो जिथे तयार होतो तिथेही जा.

कोलाम आदिवासींच्या पोडावर, म्हणजे वस्तीवर, बाया आपसात त्यांच्या कोलामी भाषेत बोलायच्या आणि मला मराठीत उत्तर द्यायच्या. त्या बोलण्याचा अर्थ त्यांच्यातल्याच एका शिकलेल्या मुलीकडून त्याच रात्री समजून घेतला. रेकॉर्डिंगआधी परवानगी विचारायची, आणि तीही रेकॉर्डिंगमध्येच. फाइलला नाव द्यायचं ते तारीख, गाव आणि क्रमांकाचं. बाईचं खरं नाव फाइलवर नको. नाव आणि क्रमांकाची जोडयादी वेगळ्या वहीत, कुलुपात. एक आजी मला म्हणाल्या होत्या, "लिवून ठेव बाई. नाहीतर मी सांगतलं काय अन् कागदावर आलं काय!" म्हणून मी टिपण त्याच रात्री पुरं करायची. थकवा असला तर फोनवर मराठीत बोलून टाइप करायची, सुधारणा सकाळी.

लिहिताना पहिल्या ओळीपासून युनिकोड वापरा, म्हणजे कुठल्याही संगणकावर वाचता आणि शोधता येणारं देवनागरी टायपिंग. सवय जुन्या फॉन्टची असली तरी बदला, नाहीतर तुमचा प्रबंधही शोधगंगेवर कोणाला सापडणार नाही. साहित्यचौर्याच्या तपासणीची भीती बाळगू नका. यूजीसीच्या २०१८ च्या नियमांनुसार १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही, त्यापुढे ४० टक्क्यांपर्यंत प्रबंध दुरुस्त करून द्यावा लागतो, आणि त्याहून जास्त साम्य असलं तर शिक्षा आणखी कडक होते. टिपणात दुसऱ्याचे शब्द अवतरणचिन्हात आणि आपले बाहेर, असं आधीपासून असलं तर तिथे अडचण येत नाही.

शेतीशी जोडलेला विषय घेणार असाल तर हंगामाचा हिशेब आधी करा. वेचणी दसरा-दिवाळीच्या आसपास सुरू होते आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी वावरं रिकामी होतात. कोर्सवर्क आणि प्रश्नावलीची मंजुरी पोळ्यापर्यंत उरका. मार्गदर्शकांना भेटायला अमरावतीला एसटीनं जाऊन यायचं म्हणजे दिवस मोडतो, तेव्हा त्यांना विचारायचे प्रश्न आठ दिवस आधी मेलनं पाठवा आणि भेटीत फक्त त्यावरच बोला.