ग्वाल्हेरचा उन्हाळा आणि सशांची वीण: दुसऱ्या वर्षाची नोंद

मागील नोंद एप्रिलच्या सुरुवातीला, बरसीम या हिरव्या चाऱ्याची शेवटची कापणी चालू असताना लिहिली होती. त्यानंतर उन्हाळा, पावसाळा आणि थंडीचा पहिला भाग गेला, आणि घरच्या मांसासाठी ससे पाळताना आपल्या भागात नेमके कुठे अडते याविषयी माझे मत आता पक्के झाले आहे. पिंजरे, खाद्य आणि पाणी यांचा बंदोबस्त पैशाने व मेहनतीने होतो. नराला लागलेले ऊन मात्र मे महिन्यात दिसत नाही आणि त्याची किंमत ऑगस्टमध्ये रिकाम्या विणीपेट्यांच्या रूपाने मोजावी लागते. ग्वाल्हेरसारख्या ठिकाणी ससे पाळणाऱ्याने वर्षाचे सारे वेळापत्रक या एका गोष्टीभोवती आखावे, असे मला वाटते.

नव्याने वाचणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. आमच्याकडे न्यूझीलंड व्हाइट जातीच्या माद्या आणि सोव्हिएत चिंचिला जातीचे नर आहेत. आम्ही राहतो ग्वाल्हेर शहराच्या लष्कर भागात, पण ससे महापालिकेच्या हद्दीबाहेर, डबरा शहराकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या गावी, वडिलोपार्जित दगडी घरात ठेवलेले आहेत. हे मुद्दाम केले आहे. प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याखालील 2001 च्या कत्तलखाना नियमांनुसार पालिका हद्दीत परवानाधारक कत्तलखान्याबाहेर जनावर कापता येत नाही. त्याच नियमांत गाभण जनावर आणि तीन महिन्यांपेक्षा लहान जनावर कापण्यासही मनाई असून, पशुवैद्याने जनावर योग्य असल्याचे प्रमाणित करणे अपेक्षित आहे. परदेशी पुस्तकांत आठ-दहा आठवड्यांचे पिल्लू तयार मानतात. आपण तो हिशेब बाजूला ठेवावा. पूर्ण तीन महिने थांबल्यास चांगल्या खाद्यावर वजनही दोन किलोच्या आसपास पोहोचते, त्यामुळे थांबण्यात तोटा नाही. रानससा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 खाली संरक्षित आहे आणि त्याचा पाळीव सशाशी संकर होत नाही, हेही एकदा लिहून ठेवतो, कारण शिकारीच्या जुन्या गोष्टी ऐकलेले पाहुणे हा प्रश्न हमखास विचारतात.

आता वेळापत्रकाकडे वळतो. मादी साधारण 31 दिवसांनी विते आणि त्यापुढे तीन महिने, म्हणजे मिलनापासून ताटापर्यंत चार महिने लागतात. आमच्या घरी श्रावणात आणि नवरात्रात मांस शिजत नाही. दसऱ्याला आणि धुळवडीला मात्र ते हवेच असते. धुळवडीसाठी नोव्हेंबरच्या आरंभी माद्या नराकडे न्याव्या लागतात, आणि तो काळ इथे सर्वोत्तम असतो: हवा थंड, बरसीम उगवलेली, नर जोमात. दसऱ्यासाठी मात्र जूनच्या पहिल्या पंधरवड्यात गर्भधारणा व्हायला हवी. त्या दिवसांत ग्वाल्हेरला लू, म्हणजे कोरडा उष्ण वारा, वाहत असते आणि पारा 45 अंशांच्या आसपास असतो.

सशाला घाम येत नाही. शरीरातील उष्णता तो मुख्यतः कानांतून आणि जलद श्वासोच्छ्वासातून बाहेर टाकतो, आणि 15 ते 25 अंश तापमानात तो सुखाने राहतो. पारा तिशीच्या बराच वर दीर्घकाळ राहिला की नर वरवर धडधाकट दिसतो, खातो, मादीवरही जातो, परंतु त्याच्या शुक्राणूंची संख्या व हालचाल घटते. नवे शुक्राणू तयार होऊन बाहेर येण्यास सुमारे दोन महिने लागतात. म्हणजे जूनअखेर पहिला पाऊस पडून आपल्याला हायसे वाटले, तरी नर ऑगस्टअखेरपर्यंत उन्हाळ्यातच असतो. पहिल्या वर्षी माद्या वारंवार फिरल्या, म्हणजे गाभण राहिल्या नाहीत, आणि आम्ही दोष माद्यांना देत राहावे अशीच सारी लक्षणे होती, कारण सशाच्या मादीला मिलनामुळेच अंडमोचन होते, म्हणजे बीजांडे सुटतात, आणि नर निकामी असला तरी तिला खोटी गाभण अवस्था येते. सोळा-सतरा दिवसांनी ती केस उपटून घरटे करू लागते आणि पेटी रिकामीच राहते.

म्हणून या वर्षी एप्रिलच्या मध्यापासून सर्व नर तळघरात हलवले. ग्वाल्हेरच्या जुन्या दगडी घरांत तळघर असते, आणि आमच्या तळघरात भर मे महिन्यातही पारा तिशीच्या आसपास टिकला. वरच्या मजल्यावर छताच्या पटिया, म्हणजे दगडी फरशा, दिवसभर तापून रात्रीही आग ओकत होत्या. तिथल्या माद्यांसाठी खिडक्यांना वाळ्याच्या ताट्या, पिंजऱ्यात गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या आणि दुपारी कूलर अशी व्यवस्था करावी लागली. कूलर कोरड्या लूमध्येच उपयोगी पडतो; हवा दमट झाली की तो बंद करणे बरे. तळघराची अडचण वेगळी आहे. तिथे मुताचा अमोनिया साचतो आणि त्याने सशांचे नाक लवकर बिघडते. आम्ही झरोक्यात बाहेर हवा फेकणारा पंखा बसवला आणि पिंजऱ्यांखालचे ट्रे रोज दोनदा काढले. सशाच्या नाकाशी बसून वास आला तर ट्रे साफ नाही, हा आमच्या काकासाहेबांचा नियम मला कोणत्याही मोजमापापेक्षा विश्वासार्ह वाटतो.

तळघरातल्या नरांकडे जूनमध्ये पहाटेच्या वेळी काही माद्या नेल्या. मादी नेहमी नराच्या पिंजऱ्यात न्यावी. उलट केल्यास ती आपली जागा राखण्यासाठी नराला चावते. बाराव्या ते चौदाव्या दिवशी पोट हलक्या हाताने चाचपले असता निम्म्याहून अधिक माद्यांच्या पोटात करवंदाएवढ्या गाठी बोटांखालून सरकल्या. आमच्यासाठी ही मोठी प्रगती होती. दसऱ्याला घरचे मांस झाले, जरी सगळ्या भावकीला पुरेल इतके नव्हते.

ते पुरले नाही याचे कारण पावसाळा. जुलैत जन्मलेली पिल्ले ऑगस्टमध्ये दूध तोडण्याच्या वयाला येतात, आणि नेमक्या त्या दमट दिवसांत कॉक्सिडिओसिस हा परजीवीमुळे होणारा रोग पसरतो. रोगाची बीजे लेंडीतून बाहेर पडतात आणि ऊब व ओल मिळाली की दोन-तीन दिवसांत संसर्गक्षम होतात. म्हणूनच रोजची सफाई इथे औषधाइतकी मोलाची आहे. नेहमीच्या जंतुनाशकांना ही बीजे दाद देत नाहीत. रिकाम्या लोखंडी पिंजऱ्यांवर ज्योत फिरवणे हाच खरा उपाय. पोट फुगलेले, पाठ टोकदार झालेली, मागचा भाग माखलेला, असे पिल्लू दिसताच ते वेगळे करून पशुवैद्याला दाखवावे आणि औषध दिल्यानंतर मांसासाठी किती दिवस थांबायचे हे त्याच वेळी विचारावे. आणखी एक गोष्ट ठळकपणे लिहितो: अमॉक्सिसिलीन व पेनिसिलीनसारखी प्रतिजैविके तोंडावाटे दिल्यास सशाच्या आतड्यातील उपयुक्त जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो. म्हशी-शेळ्यांचा चांगला अनुभव असलेल्या डॉक्टरांनाही सशांचा अनुभव असतोच असे नाही, तेव्हा ही आठवण आपण नम्रपणे करून द्यावी. आमच्या भागातील एका औषध दुकानातून असे औषध सहज हातात दिले गेले होते. काकासाहेबांनी ते परत करायला लावले.

यावरून माझा निष्कर्ष असा की तळघराचा उपयोग दसरा साधण्यासाठी करू नये. नर थंड ठेवल्यामुळे ऑगस्टच्या मध्यालाच माद्या गाभण राहू शकतात. पिल्ले सप्टेंबरच्या मध्याला होतात, दूध सुटते तेव्हा पाऊस ओसरलेला असतो, आणि मांस डिसेंबरमध्ये तयार होते. माहितीपत्रकांत वर्षाला पाच-सहा विणी लिहिलेल्या असतात. आमच्या हवेत तीन निरोगी विणी मिळाल्या तर मी समाधानी आहे.

ऑगस्टच्या मिलनाची पिल्ले आता दाण्यावर आहेत, आणि नोव्हेंबरमध्ये भरवलेल्या, म्हणजे नराकडे नेलेल्या, माद्या या आठवड्यात व्यायल्या. विण्याच्या तीन-चार दिवस आधी पेटीत वाळलेले गवत ठेवले होते. आदल्या रात्री मादीने छातीचे केस उपटून त्यात असा दाट थर केला की आत हात घातल्यावरच पिल्लांची ऊब लागते. सध्या पहाटे धुके असते आणि पारा बराच खाली जातो, त्यामुळे पेटीबाहेर पडलेले पिल्लू तासाभरात गारठते. मादी त्याला मांजरीसारखे उचलून आत नेत नाही, म्हणून पेटीची पुढची कड उंच असावी आणि दिवस उजाडताच कोणीतरी पाहणी करावी. ते काम काकूंनी स्वतःहून घेतले आहे. पहिल्या दिवशी त्या घाबऱ्या होऊन म्हणाल्या, ‘‘अरे, ही दिवसभर पिल्लांकडे फिरकलीसुद्धा नाही. दूध आटलंय का हिचं?’’ मी एक पिल्लू तळहातावर उताणे धरून दाखवले: पोटाच्या पातळ गुलाबी कातडीतून आतले दूध पांढऱ्या पट्ट्यासारखे स्पष्ट दिसत होते. मादी दिवसातून एकदाच, बहुधा रात्री वा पहाटे, चार-पाच मिनिटे पाजते आणि तेवढे पुरते. आता काकू रोज सर्वांची पोटे पाहतात, आणि ज्याचे पोट सुरकुतलेले असेल त्याला कमी पिल्ले असलेल्या मादीच्या पेटीत ठेवतात. माद्या एकाच दिवशी भरवल्यामुळे ही अदलाबदल शक्य होते. एकाकी मादी भरवण्यात हा मार्ग बंद होतो.

शिजवण्याविषयी एवढेच की या मांसात चरबी फार कमी असते. मटणाच्या सवयीने मोठ्या आंचेवर परतल्यास ते कोरडे पडते. दह्यात मुरवून, झाकण ठेवून मंद आंचेवर शिजवलेला रस्सा घरात सर्वांना आवडला.

पुढील कामे ठरली आहेत. नात्यातले मिलन टाळण्यासाठी बाहेरून एक नर आणायचा आहे, आणि तो उन्हाळ्याआधी, फेब्रुवारीत आणून महिनाभर वेगळा ठेवायचा आहे. बरसीम संपल्यावरच्या हिरव्या चाऱ्याचा प्रश्न अद्याप सुटलेला नाही: कोवळी, पाण्याच्या ताणातली ज्वारी विषारी ठरू शकते आणि मोहरीची पेंड इथे मुबलक असली तरी ती थोडीच देता येते. म्हणून विहिरीजवळच्या पट्ट्यात लसूणघास लावला असून, तो मे महिन्यात किती तग धरतो हे पुढील नोंदीत लिहीन.