तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीने सायकल सोडली, मग मी कशाला जाते?

नणंदेने विचारलं, ऐरोलीच्या मंडईतल्या भाजीवालीने विचारलं, बँकेत रजेचा अर्ज पुढे सरकवला की साहेब विचारतात. आता तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदाचं लिहूनच टाकते. प्रश्न असा: "मुलगी आता सायकल चालवत नाही ना? मग तुम्ही अजून त्या टीमबरोबर गावोगाव का फिरता?" पुढचे शब्द बहुतेक जण गिळतात. नणंद गिळत नाही. "लोकांच्या पोरींसाठी," म्हणते.

सोपं उत्तर आधी. बाई लागते म्हणून जाते. २०२२ साली स्लोव्हेनियातल्या शिबिरात भारताच्या एका महिला सायकलपटूने प्रशिक्षकाविरुद्ध तक्रार केली होती, ते तुम्ही पेपरात वाचलं असेल. त्यानंतर भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सांगितलं की पथकात मुली असतील तर बरोबर महिला प्रशिक्षक हवीच. वरून निघताना ती 'महिला प्रशिक्षक' होती, खाली आमच्यापर्यंत पोचेतो 'कुणाची तरी आई' झाली. आमचे सर सरळ माणूस आहेत, त्यांच्याबद्दल बोलायला जागा नाही. पण लॉजच्या बाथरूमला कडी नाही, हे पोरी सरांना सांगत नाहीत. मला सांगतात. मग मी बाहेरून दाराला पाठ लावून उभी राहते आणि एकेक जण आंघोळ उरकते.

सायकलिंगच्या चड्डीला आतून जाड पॅड असतं. ती आत दुसरं काही न घालता नुसतीच घालायची असते. (एवढं समजावलं म्हणून एका पोरीच्या आजीने माझ्याशी बोलणं टाकलं.) ती रोज धुतली गेली नाही, नीट वाळली नाही, की बसायच्या जागी गळू येतं, आणि मग पोर शर्यतभर सीटवर टेकू शकत नाही. म्हणून रात्री बादलीत चड्ड्या आणि पंख्याखाली दोरी. पाळीच्या तारखा माझ्या वहीत असतात. खोकल्याच्या औषधाची बाटली आधी माझ्या हातात येते, कारण काही सिरपमध्ये टर्ब्युटालीन असतं आणि ते बंदी असलेल्या औषधांत मोडतं. डोपिंगच्या चाचणीला निदान ९० मिली लघवी द्यावी लागते, तीही बाई अधिकाऱ्याच्या डोळ्यांसमोर. सोळा वर्षांच्या पोरीला ती भीतीने होतच नाही. अशा वेळी बाकावर बसून तिला पाणी पाजत तिच्याशी भलत्याच गप्पा मारायच्या, हेही काम माझंच.

हे सगळं खरं आहे, आणि यातलं काहीच तुम्ही विचारलेलं नाही, हेही मला कळतं. तुम्हाला चाकाबद्दल ऐकायचंय.

नाशिककडची शर्यत, मास स्टार्ट, म्हणजे सगळ्या एकदमच सुटतात. सर ज्युनियर मुलींबरोबर पुढे गेलेले, आमच्या गाडीत ड्रायव्हर आणि मी. उरणची पोर आमची स्प्रिंटर, म्हणजे शेवटच्या टप्प्यात सुसाट सुटणारी, सगळा डाव तिच्यावर. तिला वाऱ्यापासून झाकत शेवटापर्यंत नेणं हे माझ्या लेकीचं काम. ते तिच्यावर कुणी लादलं नव्हतं. पाम बीच रोडवर पहाटे सराव व्हायचा (सहा वाजून गेले की तिथे गाड्या उडत येतात, मग सायकलवाल्यांनी घरी जावं), तिथेच ठरलं होतं. पारसिक हिलच्या चढावर लेक सगळ्यांना भारी पडायची, पण शेवटच्या दोनशे मीटरला तिच्या पायात जोर नव्हता. हे मी आई असून म्हणते. सर याहून स्पष्ट बोलायचे.

उतार संपता संपता उरणच्या पोरीचं पुढचं चाक पंक्चर झालं. शेवट दहाएक किलोमीटरवर. गाडीत जादा चाक होतं, पण ते जुन्या रिम ब्रेकचं, म्हणजे चाकाच्या कडेला दाबून थांबणारं, आणि तिची सायकल डिस्क ब्रेकची, थ्रू अ‍ॅक्सलवाली, म्हणजे चाकातून आरपार दांडा घालून आट्यांनी घट्ट करायची. ते चाक त्या फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यात, बसत नाही, कितीही देव आठवा. डिस्कचं जे जादा होतं ते आदल्याच दिवशी सरावात खड्ड्यात वाकलं होतं. संघात तसल्या सायकली दोनच. दुसरी माझ्या लेकीची, पतपेढीतून कर्ज काढून घेतलेली.

लेक तिच्यासाठी थांबलेलीच होती. मी गाडीतून उतरले आणि ओरडले, "सत्तावीस, पुढचं चाक काढ!"

सत्तावीस हा तिचा पाठीवरचा नंबर. शर्यतीत सगळ्यांना नंबराने हाक मारायची आणि टीममध्ये मला कुणी आई म्हणायचं नाही, हे नियम माझेच. लेकसुद्धा तिथे मला काकू म्हणायची. तिने अ‍ॅलन की लावून अ‍ॅक्सल सोडवला, चाक ओढून माझ्या हातात दिलं. ब्रेक मारून डिस्क तापलेली, माझ्या अंगठ्याला चटका बसला. मी ते दुसऱ्या फोर्कमध्ये घालायला गेले तर अ‍ॅक्सलचे आटे लागेनात. लेकीनेच माझा हात बाजूला केला, फिरवून घट्ट केलं. उरणच्या पोरीला सीटखाली धरून मी ढकललं आणि पळत गाडीत बसले, कारण आता गाडी तिच्या मागे हवी.

"आणि मी?" लेक म्हणाली.

"मागून टेम्पो येतोय," असं सांगून मी दार ओढलं.

टेम्पो तासाभराने आला. उरणची पोर चौथी आली. पदकं तिघींनाच असतात.

संध्याकाळी सरांनी लेकीला फोनवर एक जुना फोटो दाखवला. १९३४ ची टूर द फ्रान्स ही फ्रान्समधली मोठी सायकल शर्यत, रेने व्हिएटो नावाचा वीस वर्षांचा पोरगा. आपल्या संघाच्या म्होरक्याला, आन्तोनँ मान्यला, त्याने स्वतःचं पुढचं चाक काढून दिलं, आणि आता एकाच चाकाच्या सायकलशेजारी दगडी कठड्यावर बसून रडतोय. त्या वर्षी टूर मान्यने जिंकली, पण लोकांनी लक्षात ठेवलं ते व्हिएटोला, असं सर सांगत होते. लेकीने फोटो नीट पाहिला आणि म्हणाली, "सर, याची आई नव्हती ना गाडीत."

त्यानंतर ती आणखी एक हंगाम खेळली. मग सोडलं. आता फिजिओथेरपी शिकते. तुम्ही सगळे हे दोन टोकं जोडता, ते मला दिसतं. ती स्वतः म्हणते, पहाटे चारला उठायचा कंटाळा आला होता, चाकाचा काही संबंध नाही. मग भांडण झालं की म्हणते, चाकाचं काही नाही गं, तू मला नंबराने हाक मारलीस.

तसा प्रसंग उद्या आला तर मी तेच चाक काढायला लावीन. शर्यत संघाने जिंकायची असते, आणि उरणची पोर पहिली आली असती तर तुमच्यापैकी कुणी हा प्रश्न विचारलाच नसता. मात्र लेकीच्या जागी दुसऱ्या कुणाची पोर असती, तर दार ओढण्याआधी मी तिच्याशी दोन शब्द जास्त बोलले असते, हेही मला ठाऊक आहे. बाकीच्या आयांना पक्षपात दिसू नये, ही धास्ती मला कायम असायची. सोसायटीच्या गणपतीत पोरींचा सत्कार झाला तेव्हा मी माईक हातात घेऊन "टीम म्हणजे घरच असतं" असं म्हणून टाळ्या घेतल्या होत्या. आज मी त्या बाईला विचारीन, कुठल्या घरात एकीचं काढून दुसरीला देतात? देतातच म्हणा. आमच्या माहेरी भावाच्या कॉलेजसाठी माझी शिकवणी बंद झाली होती. फक्त घरात त्याला कुणी डावपेच म्हणत नाही.

नवऱ्याचं मत असं की मी प्रायश्चित्त घेत फिरतेय. मला ते पटत नाही. प्रायश्चित्ताला निघालेली बाई रात्रीच्या गाडीत पोरींबरोबर मेंढीकोट खेळताना इतकी खिदळत नाही. मला ते फिरणं आवडतं. पार्सल ऑफिसात सायकली उतरवून घेताना हमालाशी भांडायला आवडतं, केळ्यांचे घड आणि खजुराची पाकिटं मोजून पिशव्या भरायला आवडतं. ऐरोलीत मी कॅश काउंटरमागे बसते, तिथे रोज लोक माझ्यावर खेकसतात. एवढं उत्तर कुणाला पुरत नाही. बाईने काहीतरी भोगत असल्याशिवाय घराबाहेर राहू नये, असं असावं बहुतेक.

आणि नवऱ्याचं थोडं खरंही असेल. रात्री कधी कधी तसं वाटतं.

नंबराने हाक मी अजूनही मारते.

परवा लेकीने विचारलं, पुढच्या महिन्यात जातेयस का. हो म्हटलं. डिस्कची जादा चाकं किती नेणार? दोन, म्हटलं. "मग बरं," म्हणाली. यात टोमणा होता की काय, ते मी काही विचारलं नाही. तुम्हाला विचारायचं असेल तर थेट तिलाच विचारा. मात्र फोन सातनंतर करा, दिवसभर तिची क्लिनिकला ड्युटी असते.